परवान्याची बंदूक सरकारने मागितली तर: जमा, जप्ती आणि सरकारजमा

पोलीस ठाण्यातून निरोप येतो, ‘निवडणूक लागलीय, बंदूक आणून जमा करा.’ परवानाधारक दुसऱ्या दिवशी बंदूक नेऊन देतो. पावती मागत नाही, आणि मागितलीच तर कागदाच्या कपट्यावर ‘एक बंदूक मिळाली’ एवढेच लिहून मिळते. निकाल लागतो, दोन-तीन महिने जातात आणि मग हेलपाटे सुरू होतात. ठाण्यात म्हणतात वरून पत्र आलेले नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत म्हणतात ठाण्यात विचारा. तोवर परवान्याची मुदत संपून जाते, आणि मग बंदूक समोर ठेवली तरी ती घरी नेता येत नाही.

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. ते शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखालच्या परवान्यावर चालते, आणि परवाना देणारा अधिकारी तो काढूनही घेऊ शकतो. पण परवाना वेगळा आणि बंदूक वेगळी. बंदूक तुम्ही पैसे मोजून घेतलेली किंवा वारशाने आलेली, तुमच्या मालकीची वस्तू आहे. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तरी अनुच्छेद ३००-अ शिल्लक आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. त्यामुळे परवाना निलंबित झाला, रद्द झाला किंवा नूतनीकरण नाकारले गेले, तरी त्या दिवशी बंदुकीची मालकी सरकारकडे जात नाही. ती परत मिळवण्याचा किंवा विकून पैसे घेण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. तो कागदावर टिकवायचा कसा, एवढाच इथे प्रश्न आहे.

कलम कोणते, हे आधी विचारा

बोलताना आपण सगळ्यालाच ‘बंदूक नेली’ म्हणतो. कायद्यात मात्र तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकातून बाहेर पडायची वाट वेगळी आहे.

जमा म्हणजे तुम्ही स्वतः नेऊन दिलेले शस्त्र. एकतर निवडणुकीच्या किंवा मनाई आदेशाखाली, नाहीतर शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ खाली. परवान्याची मुदत संपली, तो निलंबित वा रद्द झाला, की ताबा बेकायदा होतो आणि विनाविलंब शस्त्र जमा करावे लागते.

जप्त म्हणजे सरकारी यंत्रणेने तुमच्या ताब्यातून घेतलेले. कलम २२ खाली दंडाधिकारी हे करू शकतात, किंवा गुन्ह्याच्या तपासात पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली करतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांत तेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०२ होते.

सरकारजमा म्हणजे मालकीच गेली. हे दोनच रस्त्यांनी होते: कलम २१(३) खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचाच) आदेश, किंवा कलम ३२ खाली दोषी ठरवताना न्यायालयाचा आदेश. शस्त्र अधिनियमात तिसरा रस्ता नाही. ‘आता ती सरकारजमा झाली’ असे ठाण्यात तोंडी सांगितले, तर आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. पुष्कळदा असा आदेश झालेलाच नसतो, बंदूक नुसती पडून असते.

म्हणून निरोप आला की वाद घालू नका, पण लेखी नोटीस मागा आणि तीत कलम, तारीख, सही आणि हुद्दा आहे का ते पाहा. फोनवरचा निरोपच असेल तर बंदूक नेऊन द्या आणि सोबत स्वतःचे पत्र द्या: ‘अमुक तारखेस दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार शस्त्र जमा करीत आहे. ज्या आदेशान्वये सूचना दिली त्याची प्रत मिळावी.’ हे पत्र बारनिशीत (आवक टपालाच्या टेबलावर) देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. आदेश असताना बंदूक लपवणे, नातेवाइकाकडे ठेवणे, ‘दुरुस्तीला दिलीय’ म्हणणे यांतले काहीही करू नका. परवाना निलंबित असताना शस्त्र जवळ ठेवले तर प्रकरण विनापरवाना शस्त्राच्या कलम २५ वर जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे किमान शिक्षा दोन वर्षे आहे. मनाई आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते. आदेश चुकीचा वाटला तरी आधी बंदूक द्या, मग भांडा. या क्रमाने गेलेल्या माणसाचे म्हणणे न्यायालय शांतपणे ऐकते.

नेण्याआधी घरी

परवाना आणि बंदूक शेजारी ठेवून क्रमांक जुळवा. डबल बॅरल बारा बोरमध्ये नळ्या उघडल्या की नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर, मधल्या लोखंडी भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी पट्टीवर क्रमांक दिसतो. तिन्ही एकच असायला हवेत. पिस्तुलात तो सांगाड्यावर आणि वरच्या सरकत्या भागावर असतो. परवान्यावर एखादा आकडा उलटसुलट पडलेला असणे फारच सर्रास आढळते, विशेषतः जुन्या हस्तलिखित परवान्यावरून संगणकावर चढवताना. बंदूक घरात असेपर्यंत कोणाच्या ते लक्षात येत नाही. परत घेताना मात्र मुद्देमाल कारकून म्हणतो की ही बंदूक तुमची नाही. म्हणून चूक दिसताच परवाना शाखेत दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पावतीवर बंदुकीवर कोरलेलाच क्रमांक लिहून घ्या. परवान्यावर यूआयएन (परवानाधारकाचा एकमेव ओळख क्रमांक) आहे ना, तेही पाहा. त्याशिवाय परवाना वैध धरला जात नाही.

मग फोटो काढा. दोन्ही बाजू, क्रमांक जवळून, दस्त्यावरचे ओरखडे, नळीचे तोंड. तारीख दिसेल असे काढले तर उत्तम.

काडतुसे मोजून वेगळी बांधा. बंदूक रिकामी आहे हे नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून दोनदा पाहा. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीत हे नुसते डोळ्यांनी कळत नाही. नळीत गज (ठासायची सळई) तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, गज बाहेर काढून तो नळीच्या बाहेरून कानापर्यंत (मागच्या टोकाशी ठिणगी आत जाण्याच्या छिद्रापर्यंत) लावून पाहा. गज दोन-तीन बोटे कमी गेला असेल तर आत बार भरलेला आहे. तो उडवून रिकामा करायचा नाही. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडून किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडून काढून घ्या आणि मगच ठाण्यात न्या. भरलेली ठासणी मुद्देमाल खोलीत ठेवली जाणे हा तिथे काम करणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

गंज हा दुसरा शत्रू. मुद्देमाल खोलीत ओल असते आणि पावसाळ्यात बंदूक चार महिने न हलता उभी राहते. नळीतून आधी कोरडी, मग तेलाची चिंधी फिरवा, बाहेरच्या लोखंडावर तेलाचा पातळ हात द्या. काळी दारू वापरलेल्या नळीला नुसते तेल पुरत नाही, कारण दारूची काजळी हवेतली ओल शोषते आणि तेलाखालूनच लोखंड खाते. ती आधी गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल लावा. कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात घालून देऊ नका, तीही ओल धरतात. तेलकट सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन-चार पुड्यांसह पेटीत ठेवा. पट्टा, दुर्बीण, जादा मॅगझिन यांतले जे देण्याची गरज नाही ते घरी ठेवा. जे द्याल ते पावतीवर यायलाच हवे.

पावती

यावर पुढचे सगळे अवलंबून आहे, म्हणून मजकूर पूर्ण देतो. असा कागद दोन प्रतींत टाइप करून सोबत न्या:

‘अमुक यांचा परवाना क्रमांक…, यूआयएन…, मुदत… पर्यंत. शस्त्र: बारा बोर डबल बॅरल, बनावट…, शस्त्रावरील क्रमांक…. काडतुसे: १८ नग, जिवंत, मोहोरबंद पाकिटात. सोबत: लाकडी पेटी १. शस्त्राची स्थिती: चालू, नळी स्वच्छ, गंज नाही, दस्त्याच्या उजव्या बाजूस दोन इंचांचा जुना ओरखडा. जमा करण्याचे कारण: आदेश क्रमांक…, दिनांक…, कलम…. जमा केल्याची तारीख व वेळ…. मुद्देमाल नोंदवही क्रमांक….’

खाली घेणाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि ठाण्याचा गोल शिक्का. मुद्देमाल नोंदवहीचा क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. उद्या ठाणे अंमलदार बदलला, मुद्देमाल कारकुनाची बदली झाली, ठाण्याची इमारतच हलली, तरी त्या क्रमांकावरून बंदूक सापडते. तुमच्या नावावरून शोधायला लावले तर दिवस जातात. ‘नोंद नंतर करतो, उद्या या’ असे झाले तर उद्या जा, पण क्रमांक घेतल्याशिवाय तो विषय संपला असे समजू नका. मूळ पावती घरी ठेवा, बाहेर सगळीकडे झेरॉक्स द्या.

शस्त्र ठाण्यातच दिले पाहिजे असे नाही. कलम २१ खाली परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेही ते ठेवता येते. भाडे पडते, पण राखणी चांगली होते. ज्यांच्याकडे जुनी, किमती बंदूक आहे त्यांनी हाच मार्ग धरावा असे आमचे स्पष्ट मत आहे. निवडणुकीच्या आदेशात ती मुभा लिहिली आहे का तेवढे पाहून घ्या, आणि विक्रेत्याच्या पावतीची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या.

निवडणुकीतली जमा

सरसकट सगळ्या परवानाधारकांनी शस्त्रे जमा करावीत, असा नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने ठरवून दिलेली पद्धत अशी आहे: निवडणूक जाहीर झाली की छाननी समितीने परवानाधारकांचा एकेक करून आढावा घ्यायचा, आणि ज्यांची शस्त्रे जमा करणे खरोखर गरजेचे वाटते त्यांना वैयक्तिक नोटीस द्यायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, विशेषतः निवडणूक काळात दंगलीत सामील झालेले लोक आयोगाला डोळ्यांसमोर आहेत. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत शस्त्र द्यायचे, प्रशासनाने रीतसर पावती द्यायची, शस्त्र नीट सांभाळायचे आणि निकालानंतर आठवडा झाला की परत द्यायचे.

यातली वेळ साधायला शिका. नोटीस आल्यावर अर्ज करणारा उशिरा पोहोचतो, तोवर समितीची यादी झालेली असते. निवडणूक जाहीर झाल्याच्या दोन-तीन दिवसांत छाननी समितीच्या नावे अर्ज द्या: माझ्यावर एकही गुन्हा नाही, शस्त्राचे कारण अमुक, जमा करण्यातून वगळावे. खेळाडू असाल तर संघटनेचे सदस्यत्व आणि स्पर्धेचे वेळापत्रक जोडा. बँकेचा वा एटीएमच्या रोकडीचा रक्षक असाल तर नेमणूकपत्र आणि मालकाचे पत्र. जिवाला धोका म्हणून परवाना असेल तर तक्रारींच्या प्रती.

शेती संरक्षणाचा परवाना असणाऱ्यांनी तर हे करायलाच हवे. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला आणि निकाल २३ नोव्हेंबरला होता. म्हणजे कोकणात भात शेतात उभे किंवा कापून पडलेले असताना, रानडुकरांचा उपद्रव सर्वाधिक असतो नेमक्या त्याच दिवसांत ठासणीच्या बंदुका ठाण्यात. अर्जाला सातबारा, चालू हंगामाची पीक पाहणी आणि मागील नुकसानीचे पंचनामे जोडा. ‘शेतीसाठी गरज आहे’ एवढ्या एका वाक्याला कोणी विचारत नाही. ‘गट क्रमांक अमुक, ४० गुंठे भात, मागील वर्षी वन विभागाचा नुकसानीचा पंचनामा अमुक तारखेचा’ याला लेखी उत्तर द्यावे लागते.

अर्ज नामंजूर झाला तर शस्त्र द्या आणि समितीच्या बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इतिवृत्तात तुमच्या नावापुढे कारणच नसेल, किंवा सगळ्या तालुक्याच्या यादीपुढे एकच छापील वाक्य असेल, तर पुढच्या निवडणुकीत आणि उच्च न्यायालयात तोच तुमचा भक्कम पुरावा आहे.

परत घेण्याच्या दिवसाची वाट पाहत बसू नका. निकालाची तारीख कळली की त्यात सात दिवस मिळवा. २०२४ च्या त्या निवडणुकीत ही तारीख ३० नोव्हेंबर येते. त्या दिवशी ठाण्यात लेखी अर्ज द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला. पंधरा दिवसांत काही हालले नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना थेट स्मरणपत्र, मग वकिलाची नोटीस, मग अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट. बहुतेक प्रकरणे दुसऱ्या पत्राला सुटतात. एक अडचण मात्र नेहमी येते. विधानसभेपाठोपाठ नगरपालिका, मग जिल्हा परिषद लागली की ठाणे म्हणते ‘राहू द्या, पुन्हा द्यायचीच आहे.’ राहू देऊ नका. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथला आदेश वेगळा, मुदत वेगळी. एका आदेशाची बंदूक दुसऱ्या आदेशाखाली आपोआप सरकत नाही. नवी नोटीस द्या, नवी पावती द्या, असे लेखी मागा.

परवाना निलंबित किंवा रद्द झाला तर

कलम १७(३) मध्ये कारणे मोजून दिली आहेत: परवानाधारकाला कायद्याने मनाई असणे किंवा तो अयोग्य ठरणे, सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी गरज, माहिती लपवून परवाना घेणे, परवान्याच्या अटी मोडणे, आणि बदलासाठी मागितलेला परवाना हजर न करणे. आदेश यांतल्या एका कारणावर उभा असला पाहिजे.

कलम १७(५) नीट वाचा. अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायची असतात, पण त्यांचे थोडक्यात निवेदन परवानाधारकाने मागितले तरच द्यायचे असते. मागितले नाही तर मिळत नाही, आणि कारणे हातात नसताना केलेले अपील आंधळे असते. (सार्वजनिक हिताचे कारण देऊन निवेदन नाकारता येते.) आदेश मिळाला त्याच दिवशी एका ओळीचा अर्ज द्या: ‘शस्त्र अधिनियमाच्या कलम १७(५) अन्वये कारणांचे निवेदन मिळावे.’

अपील कलम १८ खाली, ३० दिवसांत. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर विभागीय आयुक्तांकडे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना आयुक्तांकडे असतो, तिथे अपील राज्य शासनाच्या गृह विभागाकडे. आदेशच शासनाने किंवा शासनाच्या निर्देशावरून काढला असेल तर कलम १८ चे अपील नाही, सरळ उच्च न्यायालय. मुदत टळली तर उशिराचे कारण सांगून विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका. अपील दाखल झाले म्हणून आदेश थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा लागतो, आणि स्थगिती मिळेपर्यंत शस्त्र जमाच राहते. अपिलात सुनावणीची संधी द्यावीच लागते.

अपिलात काय मांडायचे? ‘मी प्रतिष्ठित नागरिक आहे’ याने काही होत नाही. कारण आणि पुरावा यांतली फट दाखवा. केवळ एक फौजदारी गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावरून सार्वजनिक सुरक्षिततेला धोका सिद्ध होत नाही, असे अनेक उच्च न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. त्या गुन्ह्यात परवान्याचे शस्त्र वापरल्याचा आरोप नसेल तर ते ठळकपणे लिहा आणि प्रथम खबरीची प्रत जोडा. रद्द करण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस आली नसेल, किंवा नोटीशीत एक कारण आणि आदेशात दुसरे असेल, तर तो मुद्दा सर्वांत वर घ्या.

घरी येऊन नेली तर

कलम २२ खाली, शस्त्र बेकायदा हेतूसाठी आहे किंवा त्या व्यक्तीच्या हाती राहिल्यास शांततेला धोका आहे असे मानायला आधार असेल, तर दंडाधिकारी आपल्या मताची कारणे नोंदवून झडती घेऊ शकतात आणि परवान्याचे शस्त्रही ठरावीक काळ ताब्यात ठेवू शकतात. ही झडती दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष किंवा केंद्र सरकारने खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडूनच व्हावी लागते. आलेल्यांपैकी कोण काय आहे हे विचारून नाव आणि हुद्दा लिहून घ्या.

झडतीच्या वेळी घरधन्याला हजर राहू दिले पाहिजे, परिसरातले दोन स्वतंत्र पंच हवेत आणि जप्त वस्तूंच्या यादीची सही केलेली प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. ते चालू आहे का, एवढे शांतपणे विचारा. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी क्रमांक आणि काडतुसांचा आकडा वाचा. ‘एक गावठी बंदूक’ असे लिहिले जात असेल आणि ती कारखान्याची, क्रमांक असलेली, परवान्याची असेल, तर तिथेच दुरुस्त करायला सांगा आणि ऐकले नाही तर सहीशेजारी आपली हरकत लिहा. त्या एका शब्दाने पुढचा खटला बदलतो.

गुन्ह्याच्या तपासात शस्त्र गेले तर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे नव्हे, न्यायालयाकडे मागायचे. खटला सुरू होण्यापूर्वी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५०३, चालू असताना कलम ४९७, निकालानंतर कलम ४९८. मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षे कुजत ठेवू नये, पंचनामा, छायाचित्रे आणि बंधपत्र घेऊन तो लवकर सोडावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे. शस्त्र थेट गुन्ह्यात वापरल्याचा आरोप असेल तर न्यायवैद्यक तपासणी होईपर्यंत, आणि बऱ्याचदा निकालापर्यंत, ते सुटत नाही. पण भांडणात मालक सामील होता आणि बंदूक घरच्या कपाटात कुलपात होती, अशा प्रकरणात अर्ज जरूर करा.

मुदत, नोटीस आणि विक्री

शस्त्र जमा असले तरी परवान्याचे नूतनीकरण थांबत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा. शस्त्र दाखवायला सांगितले तर जमा पावती दाखवा. जास्तीत जास्त बंदुका याच ठिकाणी हातच्या जातात: मालक समजतो, बंदूक सुटल्यावर परवाना बघू. मग परवाना नाही म्हणून बंदूक मिळत नाही, आणि बंदूक हाताशी नाही म्हणून नूतनीकरणाची फाईल अडते.

कलम २१ खाली जमा केलेल्या शस्त्राला नियमांत ठरलेली मुदत असते. तेवढ्या काळात एकतर परवाना पुन्हा जिवंत करून शस्त्र परत घ्यायचे, नाहीतर ते विकून पैसे घ्यायचे. म्हणून शेवटची तारीख पावतीवर लिहून घ्या. विक्री विक्रेत्याला केली तर सोपे जाते. दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची असेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. हे दिवस मुदतीतूनच जातात, तेव्हा गिऱ्हाईक शोधायला शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका.

मुदत टळली तरी शस्त्र आपोआप सरकारजमा होत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस द्यावे लागतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते आणि एकतर्फी आदेश होतो. घर बदलले की परवान्यावरचा पत्ता लगेच बदला. परवाना नुसता निलंबित असेल, तर निलंबनाच्या काळात त्या शस्त्राचा सरकारजमेचा आदेश काढताच येत नाही. कलम २१(३) च्या परंतुकात तसे स्पष्ट म्हटले आहे. नोटीशीच्या उत्तरात हेच पहिले वाक्य असू द्या. आणि आदेश झालाच, तरी कलम २१(६) खाली शासन शस्त्र किंवा विक्रीची रक्कम परत करू शकते, तसा अर्ज करता येतो.

वारस

परवानाधारक वारला की घरातल्यांचा ताबा त्याच दिवशी अडचणीत येतो. तेरावा होईपर्यंत कोणाला सुचत नाही हे खरे, पण शक्य तितक्या लवकर शस्त्र जमा करा, मृत्यू दाखल्याची प्रत द्या आणि पावती सर्व वारसांच्या वतीने एकाच्या नावे घ्या. वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करताना इतर वारसांची ना हरकत शपथपत्रे जोडावीत. भाऊबंदकीत हा अर्ज अडला तर विकण्याचा मार्ग मोकळा ठेवा, पैसे वाटून घेता येतात. वयाची ७० वर्षे झालेल्या किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगलेल्या परवानाधारकाला हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाकडे ते देता येते. एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जातात.

परत घेताना

ठाण्याच्या टेबलावरच पेटी उघडा. क्रमांक, काडतुसांचा आकडा, नळी, घोडा, दस्ता पावतीशी आणि फोटोंशी ताडून पाहा. गंज किंवा तडा दिसला तर नोंदवहीत सही करतानाच शेजारी लिहा: ‘शस्त्र मिळाले. नळीच्या तोंडाशी गंज, दस्त्यास नवा तडा, हरकत राखून ताब्यात घेतले.’ कोरी सही केली तर नुकसानीचा दावा तिथेच संपतो. शस्त्र हरवलेच असेल तर तसे लेखी घ्या. पोलिसांच्या ताब्यातला माल गहाळ झाला तर राज्याने त्याची किंमत मालकाला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हैसूर राज्यातल्या एका प्रकरणात सांगितले आहे, आणि त्या मागणीसाठी खरेदीची पावती, फोटो आणि जमेची पावती हे तीनच कागद लागतात. घरी नेताना बंदूक रिकामी, पेटीत बंद आणि मूळ परवाना खिशात. पोहोचल्यावर नळी लगेच साफ करा, आणि तडा गेलेल्या दस्त्याने किंवा गंजलेल्या नळीने बार काढू नका. आधी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.